कातकरवाडीची पाटी

लहानपणी मी अंघोळीला टाळाटाळ केली किंवा केस विंचरून घ्यायला बसले नाही, की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं असायचं : "कातोड्यांसारखी काय राहतेस?" शहापूरच्या बाजारपेठेतलं घर. त्या घरात कुणी कातकरी माणूस पाहुणा म्हणून कधी आला नव्हता. पावसाळ्यात एक बाई परसदारी मुठे, म्हणजे खेकडे, आणि कंद विकायला यायची. तिला पाणी द्यायचं ते वरून, ओंजळीत. हे वाक्य तिच्या कानावर पडलं असेल का, हा प्रश्न मला पडायला चाळिशी उजाडावी लागली. शिवी मला दिलेली होती. पण ती देण्यासाठी वापरलं होतं तिच्या जमातीचं नाव, आणि तिनं ते ऐकलं असेल तर तिच्या पाटीतल्या मुठ्यांचे दोन रुपये मोजून घेताना तिनं मान खाली ठेवली असेल.

अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत 'काथोडी, कातकरी' अशी जमातीची नावं छापलेली आहेत. साधी नावं. बाजारात त्याच 'काथोडी'चा 'कातोडी' झाला आणि अस्वच्छ, अडाणी, चोर, उंदीर खाणारा असे सगळे अर्थ त्यात कोंबले गेले. मराठीला माणूस लहान करायला वेगळी शिवी शोधावी लागत नाही. नावाच्या शेवटी 'डा' किंवा 'डं' जोडलं, पुढं 'ए' लावला, की पुरतं.

पुढचा संवाद एका मामाचा आणि भाचीचा आहे. ही दोघं मी रचलेली आहेत. त्यांचा वाद मात्र शहापूर-मुरबाडच्या पुष्कळ घरांत वेगवेगळ्या तोंडांनी चालतो. मामा मूळचा डोळखांबकडचा. आता बदलापुरात सोसायटीत राहतो, सरकारी कचेरीत कारकून आहे. भाची मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढं माळशेजच्या पायथ्याला असलेल्या वाडीत राहते आणि कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. पौष पौर्णिमा, म्हशाची जत्रा. मामा जत्रेच्या निमित्तानं बहिणीकडं आला आहे. वाडीतली निम्मी दारं दोरीनं बांधलेली, कारण माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेली आहेत. भाचीच्या हातात ग्रामसभेला द्यायचा अर्ज आहे : वाडीचं नाव बदलू नये.

मामा : कशाला हा उद्योग? सरकारनं २०२० च्या डिसेंबरात ठरवलं, जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलायची. महारवाड्यांची समतानगरं, भीमनगरं झाली. आता ग्रामसेवक आपणहून क्रांतीनगर करतो म्हणतोय, आणि तू म्हणतेस कातकरवाडीच ठेवा. लोक गळ्यातला धोंडा काढायला बघतात आणि तू तो पुन्हा बांधून घेतेस?

भाची : ग्रामसेवकानं वाडीला विचारलं का, मामा? निम्मी वाडी भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला कोण असणार? ज्यांचं नाव आहे, तेच नसणार. आधी नाव ठेवलं दुसऱ्यांनी, आता बदलणारही दुसरेच.

मामा : दुसऱ्यांनी ठेवलं म्हणतेस ना? मग टाकून दे की.

भाची : शिवी त्यांनी केली. नाव आपलं आहे. कातकरी म्हणजे कात करणारा. पानात चुन्याबरोबर लागतो तो कात. आज्जा सांगायचा, खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, पाणी आटवत न्यायचं, दाट झालं की वड्या पाडायच्या. सोनाराला सोनार म्हटलं तर त्याला राग येतो का?

मामा : सोनाराच्या हातात सोनं आहे. तुझ्या हातात खैर आहे का?

मामाचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इथं जरा थांबते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही या नावाची फोड कात करणारे अशीच आहे. पण त्याच काळात, १८७८ च्या वन कायद्यापासून, जंगल राखीव होत गेलं. खैरावर कुऱ्हाड चालवणं हा गुन्हा ठरत गेला. कात करणारे ठेकेदारासाठी कोळसा पाडू लागले, शेतावर राबू लागले, मग भट्टीवर विटा थापू लागले. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये उचलले म्हणून वर्षानुवर्षं एकाच मालकाकडं राबणाऱ्याला या जिल्ह्यात 'लग्नगडी' म्हणत. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. त्यानंतरही १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडितांना श्रमजीवी संघटना उभी करावी लागली ती याच गड्यांसाठी. कामावरून पडलेलं नाव होतं. काम काढून घेतलं आणि नाव तेवढं अंगावर राहिलं. ज्या नावामागचं कसब उरलं नाही, त्यात कुणीही काहीही भरू शकतो. कातकरी या शब्दाचं तेच झालं.

भाची : खैर नाही माझ्या हातात. म्हणून नावही नको?

मामा : बाय, तू कॉलेजात आहेस. मला पहिली ते सातवी आश्रमशाळेत 'कातोड्या' म्हणत. माझं नाव कुणी घेतलंच नाही. बुधवारी जन्मलो म्हणून आईनं बुध्या ठेवलं होतं. गुरुजींनी दाखल्यावर दुसरं लिहिलं. पोरांनी तिसरंच चालवलं. तीन नावांत मी कोण, हे मला दहावीपर्यंत कळलं नाही. मग नोकरी लागली, बदलापूरला गेलो. आपल्यात पवार आहेत, जाधव आहेत. शेजाऱ्यानं विचारलं, कुठले जाधव? मी म्हटलं, शहापूरकडचे. तो पुढं काही बोलला नाही. त्या रात्री मला झोप कशी लागली ते तुला नाही कळायचं.

भाची : नोकरी कुठल्या दाखल्यावर लागली?

मामा : माहीत आहे तुला.

भाची : फॉर्मवर कातकरी आणि दारावर जाधव. पीएम-जनमनचं घरकुल मिळतं ते कातकरी म्हणूनच. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, तीनच जमाती त्यात आहेत. घर घेताना ते नाव चालतं, घरावर लिहिताना चालत नाही?

मामा : नाही चालत. दाखला साहेब बघतो आणि फाईल बंद करतो. पाटी रोज येणारा-जाणारा वाचतो. दुधवाला वाचतो. पोरीला बघायला आलेले वाचतात. आणि बाबासाहेबांचं काय? हरिजन हे नाव कितीतरी गोड होतं, तरी १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत त्यांनी त्याला विरोध केला आणि आपल्या लोकांना घेऊन सभागृहाबाहेर पडले. १९५६ ला नागपुरात त्यांनी जुनं सगळंच टाकलं. महार होते ते बौद्ध झाले. गावानं लादलेली ओळख त्यांनी पाठीवरून उतरवली आणि ते सरळ उभे राहिले. आपण का नाही उतरवायची?

या मुद्द्यावर भाची पटकन काही बोलू शकत नाही, आणि मलाही तिच्या वतीनं घाई करायची नाही. नाव टाकून मोकळं होणं हा पळपुटेपणा नव्हे. आपल्याकडं ती फार मोठी मुक्तीची वाट ठरली आहे. मामाला भित्रा ठरवून हा लेख सोपा करता आला असता. पण ज्या माणसानं सात वर्षं स्वतःचं नाव ऐकलंच नाही, त्यानं कुणी न विचारता जगण्याची चार वर्षं मिळवली, तर त्याच्याकडं बोट दाखवण्याचा अधिकार बाजारपेठेतल्या माझ्या घराला तर मुळीच नाही.

भाची : ते सगळे मिळून गेले, मामा. लाखो माणसं एका दिवशी, उजेडात, बाबासाहेबांच्या मागं. त्यांनी सांगून टाकलं, आम्ही हे सोडतोय. तू एकटा गेलास, गुपचूप. आणि त्यांचीच पोरं १९७२ ला दलित पँथर म्हणून उभी राहिली. दलित म्हणजे दळलेला, तुडवलेला. हा काय मानाचा शब्द होता? त्यांनी तो छातीवर लावला आणि मग त्याची धास्ती दुसऱ्यांना वाटायला लागली.

मामा : मग तू आदिवासी म्हण. ९ ऑगस्टला मिरवणूक काढता ना? चांगला शब्द आहे.

भाची : म्हणते की. आदिवासी म्हटलं तर ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या पोरी शेजारी बसतात. पुढं कातकरी म्हटलं की एखादी डबा आपल्याकडं ओढते. मोठ्या शब्दात गेले की मी दिसेनाशी होते. मला आदिवासी व्हायचंच आहे, पण कातकरी म्हणून.

पँथर हे नाव कुठून आलं, हे आपल्याकडं पुष्कळांना माहीत आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, त्यावरून. महाराष्ट्राचं तिकडं लक्ष त्याच्याही फार आधीपासूनचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. तिथंही नावाचा हाच वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९२८ साली एका शाळकरी मुलानं डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्या 'क्रायसिस' मासिकाला पत्र लिहिलं, की आम्हाला 'निग्रो' का म्हणता, हा शब्द आम्हाला कमी लेखतो. ड्युबॉइस यांनी उत्तर दिलं ते साधारण असं : शब्द बदलून तिरस्कार जात नाही, उद्या नवं नाव घेतलंस तर तिरस्कार त्याच्याही पाठोपाठ येईल. त्यांचं बरोबर होतं. पण पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. चाळीस वर्षांनी तरुणांनी 'निग्रो' टाकलाच, आणि घेतला तो 'ब्लॅक', जो त्यांच्या आजी-आजोबांना शिवीसारखा लागायचा. तिरस्कार काही संपला नाही. बदल एवढाच झाला की त्या पिढीनं आपलं नाव आपण उच्चारलं आणि आरशात बघताना तो रंग लपवायचा विचार सोडला. जी सर्वांत घाणेरडी शिवी होती, तिच्यावरून मात्र आजही तिथं घराघरांत दोन मतं आहेत. काही तरुण ती आपसात मैत्रीची हाक म्हणून वापरतात. तर २००७ साली डेट्रॉइटमध्ये एनएएसीपी या जुन्या संघटनेनं त्या शब्दाची प्रेतयात्रा काढून त्याला पुरून टाकलं.

मामा : ते अमेरिकेतलं राहू दे. इथं दुकानावर गेलं की तो विशीतला पोरगा माझ्या बापाला म्हणतो, 'काय रे, काय पाहिजे तुला?' त्याचं काय करणार तुझी पाटी?

भाची : मीपण तुला 'तू'च म्हणते की, मामा.

मामा : ते निराळं.

भाची : तेच सांगते. 'तू' एकच आहे. माझ्या तोंडून आला तर तुला माया लागते, त्याच्या तोंडून आला तर चाबूक लागतो. म्हणून मराठीतून 'तू' काढून टाकायचा का? कातकरी हा शब्दही तसाच. आपण तो घरात बोलतच नाही, मामा. म्हणून पोरांना तो पहिल्यांदा कळतो तो बाहेरून, दगडासारखा.

मामा : कायदा आहे ना. १९८९ चा. जातीच्या नावानं शिवीगाळ केली तर ॲट्रॉसिटी लागते.

भाची : चारचौघांत जातीच्या नावानं शिव्या घातल्या तर. गुन्हा शिवी देण्याचा आहे, कातकरी असण्याचा नाही. नाव पुसलं तर शिवी देणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही, सगळं आपल्यालाच सोडावं लागतं. गोरं करण्याच्या क्रीमचं बघ. २०२० ला अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेला, जगभर लोक रस्त्यावर आले, आणि इथं ट्यूबवरचा 'फेअर' शब्द गेला. त्याच वर्षी आपल्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय झाला. मुरबाडच्या दुकानात ट्यूब अजून आहे. आठवीपासून मी ती तोंडाला चोळत होते, कारण सगळे म्हणायचे, कोळशाच्या भट्टीतनं काढली की काय हिला. नाव बदलल्यावरही घेणाऱ्या पोरी त्याच कारणानं घेतात.

मामा : अजून लावतेस?

भाची : नाही. पण सोडली त्या दिवशी रडले होते. वाटलं, आता अशीच दिसणार कायमची.

यानंतर मामा बराच वेळ गप्प आहे. ओट्यावर बहीण नाचणी निवडते आहे. ती दोघांचं ऐकते, पण मध्ये बोलत नाही. मग तो जे सांगतो, ते त्यानं घरी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मामा : दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या मागं नवीन काम चालू आहे. मजुरांची पोरं मैदानात आली. माझा पोरगा क्रिकेट खेळत होता, दहा वर्षांचा आहे तो. एकानं त्यांचा बॉल उचलून दिला. माझा पोरगा ओरडला, 'ए कातोड्या, बॉलला हात नको लावूस.' मी गॅलरीत उभा होतो.

भाची : त्याला माहीतच नाही.

मामा : कसं माहीत असणार? मीच सांगितलं नाही. शाळेत कुठंतरी ऐकला असेल शब्द. घाणेरड्या पोराला म्हणायचा शब्द, एवढंच त्याला ठाऊक. ते पोरगं आपलंच होतं गं. चेहऱ्यावरून कळलं मला. त्यानं बॉल खाली ठेवला आणि गेलं. आणि मी काय केलं? पोराला वर हाक मारली, जेवायला बस म्हटलं.

भाची : मग?

मामा : मग काय? त्याला रागावलो असतो तर त्यानं विचारलं असतं, बाबा, तुम्हाला काय झालं? जेवत होता तो, मी त्याच्याकडं बघत होतो. बापाला शिवी देऊन पोरगा जेवतोय, आणि त्याला ते ठाऊकही नाही.

केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकेतल्या काळ्या जोडप्यानं १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या होत्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कुठली, वाईट कुठली, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरीला चांगली म्हटलं. शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी कुठली? तिथं काही मुलं रडू लागली, काही उठून निघून गेली. नुकतंच वाईट म्हणून जिच्याकडं बोट दाखवलं, तीच आपण, हे त्यांना उमगलं होतं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा या कामाचा आधार घेतला. बदलापूरच्या त्या मुलाला शेवटचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. एक दिवस विचारला जाणार. कॉलेजच्या फॉर्मसाठी दाखला काढताना, किंवा कुणी आडनावावरून खोदून विचारताना. त्या दिवशी आपलीच शिवी त्याच्याकडं परत येईल. ही भीती मला मामाइतकीच वाटते, आणि म्हणून या वादात मी भाचीच्या बाजूला आहे. लपवलेल्या नावाखाली मामाला स्वतःपुरता निवारा मिळाला. तोच निवारा मुलाला देता येत नाही, कारण मुलाला आपण लपलो आहोत हेच माहीत नसतं.

पण बाजू घेतानाही मामाची एक अट मी सोडू शकत नाही. खैर हातात नसताना नुसतं नाव मिरवता येत नाही. पाटी रंगवून दुकानातला 'काय रे' थांबणार नाही, आणि भट्टीवरची उचल फिटणार नाही. हे भाचीलाही कळतं.

भाची : चिरनेरला जाऊन आलीये मी. उरणजवळ. २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांमध्ये नाव आहे, नाग्या महादू कातकरी. आडनाव म्हणूनच कातकरी. जंगलासाठी गेला तो. तिथं ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हा शब्द लिहिलेला किती चांगला दिसतो.

मामा : आम्हाला शाळेत कुणी सांगितला नाही नाग्या.

भाची : म्हणून तर पाटी पाहिजे. कुणीतरी विचारेल, कातकरी म्हणजे काय? मग सांगता येईल. क्रांतीनगर वाचून कोण काय विचारणार?

मामा : आण तो अर्ज इकडं.

भाची : फाडू नकोस हं.

मामा : फाडत नाही. ग्रामसभेला असा अर्ज देतात का? विषय नाही लिहिलास, तारीख नाही. जे भट्टीवर आहेत त्यांचे अंगठे कुठून आणणार?

भाची : रविवारी भिवंडीला जाते. तीन भट्ट्या आहेत.

मामानं कोरा कागद मागितला. पाट मांडीवर घेऊन कचेरीतल्या त्या सुबक अक्षरात पहिल्यापासून सगळं लिहून काढलं. 'कातकरी' हा शब्द आला तिथं तो क्षणभर थांबला. आजवर त्यानं तो फॉर्मच्या रकान्यातच लिहिला होता. मग पुढं लिहीत गेला. खाली सही करायची नव्हती, तो या वाडीचा मतदार नाही. कागद भाचीच्या हातात देऊन त्यानं चपला पायात सरकवल्या. मुरबाडला जाणारी शेवटची एसटी निघायला अर्धा तास होता.

मामा : ओढ्याच्या पल्याड खैर होते पूर्वी. आहेत का गं अजून?

भाची : दोन आहेत. एक वाळायला लागलाय.

मामा : पुढच्या रविवारी पोराला घेऊन येतो. तू भिवंडीहून लवकर ये. मला एकट्याला नाही सांगता येणार.